ज्याची चूल त्याचं दार

महाड, १२ ऑगस्ट २०२४

चांगू,

तुला आणि चंद्रभागेला या म्हाताऱ्याचा आशीर्वाद.

तू फोन करतोस, पण मला त्यात आता नुसती घरघर ऐकू येते. मी आपला हो हो म्हणतो, आणि फोन ठेवल्यावर बनुबाई विचारते, "कशाला हो म्हणालात?" ते मलाही माहीत नसतं. म्हणून पत्रच बरं. पत्राला कान लागत नाहीत. चौथीपर्यंत शिकलो ते एवढ्यासाठी तरी कामाला आलं.

देऊळकोंड सोडून तीन वर्षं झाली. डोंगराला वरच्या अंगाला भेग पडली, त्याच दिवसांत तळीयेवर दरड कोसळल्याची बातमी आली, आणि आपली नऊ घरं अंगावरच्या कपड्यांनिशी खाली उतरली ती या भाड्याच्या खोल्यांच्या ओळीत येऊन राहिली. नऊ घरांना नऊ खोल्या मिळाल्या, ही कोंडजाई आईचीच कृपा. पुनर्वसनाची घरं अजून कागदावर आहेत. तू मुंबईत चाळीस वर्षं काढलीस, पण जन्म तुझाही त्याच कोंडातला, म्हणून तुलाच सांगतो.

ही ओळ विकायची आहे. पुराचं पाणी इथे दाराच्या चौकटीवर गेलं होतं, भिंतीवर रेघ अजून दिसते. मालकांना आता उंचावर जायचं आहे. चार खोल्या साळूबाईच्या, तीन एका मास्तरांच्या, दोन दोघा भावांच्या. आपल्या मुंबईकर मंडळाने देवळाच्या सभामंडपासाठी पैसे जमवून ठेवलेत ना? डोंगरच भेगाळलाय तर सभामंडप कशावर बांधणार? त्या पैशात कोंडाने ही ओळ घ्यावी. पूर आला तर पाणी उतरतं तरी. डोंगर उतरला तर उतरला.

बाहेरच्या कोणी घेतली तर आमची नऊ घरं नऊ दिशांना जातील. मग कसली गावकी आणि कसली पालखी? मला रात्री झोप लागत नाही. मंडळापुढे तू विषय ठेव. तुझं ऐकतात.

हैबती

*

नालासोपारा, ९ सप्टेंबर २०२४

हैबतीदादा आणि बनुवहिनी,

दोघांच्या पायावर डोकं ठेवून लिहितो.

तुमचं पत्र वाचलं. साहिलनेही वाचलं. म्हणाला, बाबा, काकांचं डोकं अजून चालतं. मंडळात विषय काढला, पण लोक तयार नाहीत. देवाचे पैसे देवालाच लागले पाहिजेत, असं म्हणतात. मी तरी काय करणार?

तरी जरा सविस्तर कळवा. साळूबाईचे कागद साफ आहेत का? मास्तरांना घाई आहे की थांबतील? त्या दोघा भावांचं काय भांडण आहे? पुन्हा कोणाशी बोलायची वेळ आली तर माहिती हाताशी हवी.

चंद्रभागेचं दुखणं आहे तसंच. डायलिसिस आठवड्यातून दोनदा. दवाखान्याच्या खाटेवर पडून ती एकच बोलते, यंदा आईची पालखी माझ्या दारात यायला हवी, मी ओटी भरायचा नवस बोलले आहे.

चांगू

*

महाड, २५ सप्टेंबर २०२४

चांगू,

तू विचारलंस म्हणून आशा वाटली. नाहीतर आम्हाला कोण विचारतो?

साळूबाईचे कागद साफ आहेत, तिने मला पिशवी उघडून दाखवले. बाई एकटी आहे. भावाची घासाघीस केलेली तिला आवडत नाही. ती मूळची कापडे गावची. तिचा बाप आपल्या कोंडजाईच्या पालखीचा भोई होता. जो कोणी येऊन तिच्या बापाची आठवण काढील, चहा घेईल, त्याला ती कमी भावातही देईल. मास्तरांच्या मुलाने पुण्यात जागा बघितली आहे, दिवाळीच्या आत त्यांना पैसे हवेत, अडलेले आहेत. दोघा भावांचं भांडण नुसतं मानाचं आहे. धाकट्याशी आधी बोललं की थोरला ताठतो. थोरल्याला आधी विचारावं, म्हणजे धाकटा आपोआप सही करतो.

हे सगळं मंडळाला नीट समजावून सांग. वाटल्यास माझं पत्रच वाचून दाखव.

चंद्रभागेची काळजी वाटते. पालखीचा नियम तुला माहीत आहे. आम्ही खाली आलो त्या वर्षी वाद झाला होता, भाड्याच्या खोलीत पालखी न्यावी का. दारोदारी देवीपुढे घरच्यांच्या नावाने गाऱ्हाणं घालायचं, साकडं मागायचं काम माझ्याकडे, म्हणून मला विचारलं. मी म्हणालो, आई भिंत कोणाची ते विचारत नाही, चूल कोणाची ते विचारते. ज्याची चूल त्याचं दार. तेव्हापासून ज्या दारात रोज चूल पेटते तिथे पालखी थांबते, आणि राहणाऱ्याच्या नावाने मी गाऱ्हाणं घालतो. चंद्रभागा शिमग्याला इथे आमच्या दारात येऊन उभी राहिली तरी पुरे आहे. बनुबाई सगळी तयारी करील.

कळव लवकर.

हैबती

*

महाड, १५ डिसेंबर २०२४

चांगू,

तुझं पत्र नाही. इथे मात्र व्हायचं ते झालं.

ओळ विकली गेली. नऊच्या नऊ. कोणी घेतली कळत नाही, सगळा व्यवहार सोमा म्हणून एक दलाल करतो. दिवाळीत मास्तरांनी विकलं, मग दोघा भावांनी. साळूबाईला मी रागाने विचारलं, "बये, मला एका शब्दाने सांगायचं तरी." ती उलट माझ्यावरच उखडली. "तुमच्याच माणसांसाठी घेतोय म्हनला तो. माझ्या बापाचं नाव घेतलंन, चहा प्यायला, पालखीचं बोलला. मी दोन पैसं कमी घेतलं ते तुमच्या तोंडाकडं बघून!" त्याचं नाव तिला सांगता येईना, कागद सोमाने केले, तिने नुसता अंगठा उठवला. आता असा कोण लबाड, ज्याला तिच्या बापाचं नाव ठाऊक? हा विचार करून डोकं भणाणतं.

पहिल्या खोलीतल्या आपल्या सारिकाला महिन्याची मुदत देऊन काढलं. दोन पोरं घेऊन ती हायवेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये राहते. खोली तशीच कुलपात आहे, मालकाने म्हणे स्वतःसाठी ठेवली. चौथ्या आणि सातव्या खोलीतले आपले लोक भाडं ऐकूनच पोलादपूरकडे गेले. तिथे आता कारखान्यातली परमुलखातली माणसं आहेत, एकेका खोलीत सहा. भाडं खोलीचं नाही, डोक्याचं. बिचारे पाळीपाळीने झोपतात.

काल ओळीतच गावकी बसली. सारिकाही आली होती. आपल्या कोंडातला हृतिक कारखान्यातून तसाच आला होता, म्हणाला, "काका, घर हाय का कोंबड्यांचा खुराडा? मालकाला सांगा, अंडी पन मोजून ने."

सारिका म्हणाली, "ज्याला डोक्यावर छप्पर नाय तो घर घेतो, ते समजतं. ह्याला नऊ डोकी हायत काय?"

तेवढ्यात तो सोमा आला आणि सांगतो काय, मालक शिमग्याला येणार आहेत, पहिल्या खोलीपाशी पालखी थांबवा, मालकांची श्रद्धा आहे! असा गलका झाला म्हणतोस! मी आयुष्यात पहिल्यांदा गावकीत उठून ओरडलो. म्हणालो, "चूल पेटली नाय त्या दारात पालखी थांबनार नाय. मालक असो नायतर मालकाचा बाप. आणि त्याला आपल्यातला कुनी मदत करील तर तो आपला नाय." सगळ्यांनी नारळावर हात ठेवले. मीच पहिला ठेवला.

आता सोमा मलाही काढील काय? लेकीकडे, पूजाकडे तुडीलला जावं, तर तिच्या सासरी आधीच माणसांना जागा नाही. मंडळाला सांग, काहीतरी करा.

हैबती

*

नालासोपारा, २ जानेवारी २०२५

दादा,

उशीर झाला, माफ करा. चंद्रभागेच्या धावपळीत होतो.

गावकीचं वाचून वाईट वाटलं. रागाच्या भरात शपथा घेऊ नयेत. ज्याने घेतलं त्याचीही काही अडचण असेल. मुंबईत लोकांवर लोन असतात, नोकऱ्या जातात, कुठे ना कुठे माणूस इन्व्हेस्टमेंट करतो. त्याने नाही घेतलं तर दुसरा कोणी घेणारच होता. तुम्ही वडील माणूस. लोकांना शांत करा. तुमच्या खोलीला कोणी हात लावणार नाही, असं माझं मन मला सांगतं.

चांगू

*

महाड, १९ जानेवारी २०२५

चांगू,

आज सोमा अकरा महिन्यांचा करार घेऊन आला. आता करारावर दोघांचे फोटो छापतात. डाव्या बाजूला मालकाचा, उजव्या बाजूला माझा.

डाव्या बाजूला साहिल आहे. नवा चष्मा घेतलेला दिसतो. पाच वर्षांचा असताना मी त्याला खांद्यावर घेऊन पालखी दाखवली होती, तेव्हा माझ्या टोपीत मुतला होता. पोरगं ओळखायला चुकेन काय?

मी सही केली नाही. बनुबाईला अजून सांगितलं नाही. गावकीलाही नाही.

तू दुसऱ्याच कोणाची अडचण लिहितो आहेस असं मला वाटत होतं. तुझं मन मोठं, असं मी बनुबाईला म्हणालो होतो.

एकच विचारतो. माझं पत्र तू मंडळाला वाचून दाखवलंस की नाही?

हैबती

*

नालासोपारा, २७ जानेवारी २०२५

दादा,

तोंड दाखवायला जागा नाही, म्हणून लिहितो.

मंडळात मी विषय काढलाच नाही. काढणार होतो. साहिलची नोकरी गेली होती. तो म्हणाला, बाबा, काकांनी सगळं तयारच करून दिलंय, कोणाशी कसं बोलायचं तेसुद्धा. माझा फंड आणि त्याचं लोन घालून घेतलं. साळूबाईकडे मीच गेलो होतो. तुम्ही तेव्हा पूजाकडे गेला होतात. तिच्याशी मी खोटं बोललो नाही. तेव्हा माझ्या मनात आपल्याच माणसांना ठेवायचं होतं. पण बँकेचा हप्ता नात्याला ओळखत नाही, आणि पोरगं माझं ऐकत नाही. दादा, आयुष्यभर मी घरमालकांच्या शिव्या खाल्ल्या. म्हातारपणी एकदा आपण मालक झालो, असं वाटलं. ते वाटणं वाईट नव्हतं.

आता ऐका. तुम्ही त्या खोलीत फुकट राहा, तुम्ही असेपर्यंत, आणि तुमच्यामागे वहिनी असेपर्यंत. करार नको, भाडं नको. साहिलकडून कबूल करून घेतलं आहे. माझं मागणं एवढंच. शिमग्यापर्यंत गावकीत नाव फुटू देऊ नका. आणि पहिल्या खोलीत वहिनींना रोज संध्याकाळी चूल पेटवायला सांगा. महिनाभर धूर दिसला की कोणी म्हणणार नाही, इथे चूल पेटली नाही. चंद्रभागेला आता प्रवास झेपत नाही. तिची ओटी मी पाठवीन, वहिनींनी त्या दारात तिच्या नावाने भरावी. तिला वाटतं आहे, गावाला आपलं घर झालं, आई येणार. तिला बाकीचं काही ठाऊक नाही. डॉक्टर फार दिवस सांगत नाहीत.

किल्ली सोमाकडे आहे.

चांगू

*

महाड, १० फेब्रुवारी २०२५

चांगू,

किल्ली घेतली.

बनुबाईला सगळं सांगितलं. तिने सगळी भांडी घासून पालथी घातली. मग म्हणाली, "चंद्रभागेसाठी करते. तुमच्या भाऊबंदासाठी नाय आनि तुमच्या भाड्यासाठी पन नाय." तीन विटा मांडून ती रोज संध्याकाळी तिथे चूल पेटवते, कोरा चहा उकळते आणि ओतून टाकते. सारिकाच्या पोरांनी भिंतीवर खडूने काढलेली बोट अजून तशीच आहे, बरोबर पुराच्या रेघेवर तरंगणारी.

लोक विचारतात, "काकी, कुनाची चूल?" ती म्हणते, मालकाची मानसं यायची हायत. खोटं नाही म्हणा. पण मला वाटतं, सगळे माझ्याकडेच बघतात. बाकीच्यांना करार आले आहेत, त्यांवर मालकाच्या जागी आता मुखत्यार म्हणून सोमाचा फोटो आहे. भाडं वाढलं, शिमग्यानंतर तीन घरं जाणार. माझ्याकडे करार का आला नाही, असं हृतिकने विचारलं. मी म्हणालो, आला असेल, माझं लक्ष नसेल.

तू मला फुकट ठेवलं नाहीस रे. नारळावर सगळ्यांच्या आधी ठेवलेला हात तू विकत घेतलास.

हैबती

*

देऊळकोंड, २४ मार्च २०२५

चांगू,

वरचा पत्ता बघून दचकू नकोस. क्रमाने सांगतो.

चंद्रभागेची ओटी सोमाच्या हाती पोचली. हिरवा खण, नारळ, बांगड्या, सगळं नीट होतं. पालखीच्या दिवशी पहिल्या खोलीत बनुबाईने सकाळपासून चूल धगधगती ठेवली होती. ओळीतलं पहिलंच दार. पालखी आली, भोई थांबले. धूर दिसत होता, नियमात बोट ठेवायला जागा नव्हती. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, कारण गाऱ्हाणं सुरू झाल्याशिवाय पालखी उंबऱ्याला टेकत नाही.

मी तुझ्यासाठी गाऱ्हाणं घालायचं ठरवून आलो होतो. खरंच. नाव न फोडता कोणीतरी चुलत भाऊ एवढंच म्हणायचं, आणि पुढे जायचं. चंद्रभागा डोळ्यांसमोर होती. आणि आपली खोलीही डोळ्यांसमोर होती, ते लपवत नाही. मी हात जोडले आणि म्हणालो, "आये कोंडजाई, ह्या दारात ज्याची चूल हाय..." आणि नावापाशी अडलो. अठ्ठावीस वर्षं मी हे गाऱ्हाणं घालतो आहे. जो त्या दारात राहत नव्हता, असा माणूस एकदाही सांगितला नाही.

मग मी बोललो ते असं बोललो. "आये, ही चूल माझ्या बायकोने पेटवली. माझा भाऊ चांगू, त्याचा पोरगा साहिल, ते मालक. त्यांच्या सांगण्यावरून आणि माझ्या भाड्याच्या भीतीने पेटवली. हितं राहनारी सारिका. ती हायवेला हाय. तिची राखण कर. आणि ओळ कुनाला कशी विकत मिळंल, ते पत्रात लिहिनारा मीच. ते पन तूच बघ."

मग सारिकाच मागून म्हणाली, "तरीच काकांना करार नाय आला." शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

भोयांनी खांदे बदलले आणि पालखी पुढे गेली. चौथ्या आणि सातव्या खोलीतली ती परमुलखातली माणसं दारात पाण्याने सडा घालून उभी होती. चूल त्यांचीच, म्हणून पालखी थांबली. त्यांची नावं नीट उच्चारायला येत नव्हती, ती त्यांनीच मोठ्याने सांगितली. मी तिथवर गेलोच नाही. गाऱ्हाणं हृतिकने घातलं. चुकत माकत, पण घातलं. यापुढे तोच घालणार. गावकीने मला काढलं नाही, नुसतं विचारलंही नाही. हृतिक पुढे झाला आणि लोकांनी त्याला वाट दिली, एवढंच.

आमच्या दारात पालखी थांबली. चूल खरीच आमची होती. बनुबाई ताट घेऊन बाहेर आली. ताटात चंद्रभागेचा खण होता. मी खुणेने विचारलं, आपला कुठे? तिने माझ्याकडे बघितलंही नाही. तिने मोठ्याने चंद्रभागेचं नाव घेतलं आणि ओटी भरली. तुला ठाऊक आहे, एका दारात एकच ओटी चालते. तेव्हा यंदा आईला तुझ्या बायकोची ओटी पोचली. माझ्या बायकोची राहिली. चंद्रभागेला सांग, नवस फिटला. कोणत्या दारात, ते सांगू नकोस.

दुसऱ्या दिवशी किल्ली सोमाला दिली. आमच्या खोलीचीही दिली. तो म्हणाला, "बाबा, तुम्हाला तर फुकट होती. डोकं फिरलं काय?" त्याने संध्याकाळपर्यंत तिथे खाटा आणून टाकल्या. सहा.

आम्ही वर आलो. घर उभं आहे, मागची भिंत तेवढी फुगली आहे. भेग मी काठीने मोजायला गेलो, काठी पुरली नाही. पूजा रडली, हृतिक दोनदा येऊन गेला, म्हणाला, "काका, पावसाच्या आधी खाली उतरा." मी विचारलं, "कुठे उतरू?" तो पोलादपूरला खोली बघतो आहे. तिथेही ओळीच्या ओळी कोणी कोणी घेऊन ठेवल्या आहेत, म्हणे.

बनुबाईने आल्या आल्या जुनी चूल सारवली आणि पेटवली. या वाडीत आता तेवढा एकच धूर आहे. नियम माझाच आहे, म्हणून सांगतो. ही चूल वर्षभर पेटती राहिली, तर पुढल्या शिमग्याला पालखीला इथवर चढून यावं लागेल. जून लागायला दोन महिने आहेत.

उत्तर पाठवू नकोस. पोस्टमन वर येत नाही.

हैबती